बातमीदारांच्या कचेरीतलं गुपित

करंज्याच्या बंदरावरून मासळीच्या लिलावापासून रेवसच्या लाँचपर्यंत सगळं कळवणारा आमचा एक वार्ताहर होता. पगारावर नव्हे, मानधनावर. छापून आलेल्या बातमीमागे पैसे. तो क्षयरोगाने आजारी पडला आणि तपासणीत एचआयव्ही निघाला. मदत मिळवून देऊ म्हणून कचेरीने कागद मागवले. ते पनवेलच्या कचेरीतल्या सामाईक प्रिंटरवर निघाले आणि पानं लागायच्या आत गोष्ट डेस्कवरून पार्सलच्या गाडीपर्यंत पोचली. त्याला कुणी काढलं नाही. त्याच्या बातम्या तेवढ्या 'आज जागा नाही' म्हणून मागे पडू लागल्या. बातमीमागे पैसे घेणाऱ्याला घरी बसवायला पत्र लागत नाही.

गावात बोल लावला गेला तो त्याच्या बायकोला. त्याची शुश्रूषा तिने करायची, स्वतःची तपासणीही करून घ्यायची आणि वर चारित्र्याबद्दलचे प्रश्नही तिनेच ऐकायचे. त्याच सुमारास त्याच कचेरीत एका तरुण वार्ताहर मुलीने वरिष्ठाविरुद्ध छळाची तक्रार केली, तर चौकशी समितीत बसलेले बहुतेकजण त्याच वरिष्ठाच्या हाताखालचे. पुढच्याच आठवड्यात तिचं बीट, म्हणजे बातम्यांचं ठरलेलं क्षेत्र, बदललं.

मी तेव्हा तिथे उपसंपादक होते. नंतर एका छोट्या वृत्तपत्रासाठी एचआयव्ही आणि जेंडर या दोन्हींचं धोरण लिहिताना या दोन घटना समोर ठेवल्या. दोन्हींत माणसाची खासगी गोष्ट ज्यांच्या हाती गेली, त्यांच्याच हाती त्याचं काम होतं. म्हणून दोन्ही धोरणं एकत्र लिहावीत, असं माझं ठाम मत आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या संपादकांनी 'जेंडर लिंक्स' या संस्थेबरोबर हे विषय जोडूनच हाताळले होते.

पहिल्या कलमात धोरण कुणाला लागू, ते नावानिशी लिहा: स्ट्रिंगर (मानधनावरचे वार्ताहर), छायाचित्रकार, शिकाऊ मुलं, मशीनवरचे कामगार, पार्सलचे ड्रायव्हर. 'सर्व कर्मचारी' लिहिलंत की मानधनावरचा वार्ताहर बाहेर राहिलाच. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा हंगामी, कंत्राटी, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम करणाऱ्यालाही कर्मचारी मानतो, आणि कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागाही कामाचं ठिकाण मानतो. म्हणजे करंज्याची जेट्टीसुद्धा.

एचआयव्हीचा कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ रोजी. नोकरीसाठी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करता येत नाही. कामावरून काढायचं तर त्या माणसामुळे इतरांना संसर्गाचा मोठा धोका आहे किंवा तो कामाला असमर्थ आहे, असं स्वतंत्र तज्ज्ञाचं लेखी मत लागतं. शिवाय त्याला सामावून घेणं का परवडत नाही, हेही मालकाने लेखी द्यायचं असतं. शंभर किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. कमी असली तरी नेमा. हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल दिला होता. त्याला टोपणनावाने दाद मागू दिली, म्हणून तो खटला आजही 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या नावाने ओळखला जातो.

वृत्तपत्रात मात्र याहून अवघड गोष्ट वेगळीच असते. इथे शोधून काढणं हेच प्रत्येकाचं काम. अशा मजल्यावर 'गोपनीयता राखावी' एवढं लिहून काहीही होत नाही. वैद्यकीय कागद संपादकीय विभागाबाहेरच्या एकाच व्यक्तीकडे, बंद लिफाफ्यात जावेत. रजेच्या अर्जावर फक्त 'वैद्यकीय' लिहिलेलं पुरावं. एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रावर गोळ्या आणायच्या दिवशी कारण न विचारता पाळी बदलून मिळावी. सरकारी केंद्रांत हे औषध २००४ पासून मोफत आहे. नियमित घेतलं तर विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी होतो आणि लैंगिक संबंधातून पसरत नाही. माणूस वर्षानुवर्षं बंदर, बाजार, ग्रामपंचायत सगळं सांभाळू शकतो. हे एकदा सगळ्या मजल्याला डॉक्टरकडून ऐकवा, कुणा एकाच्या आजाराची वेळ येण्याआधी.

छळाच्या तक्रारींसाठी, दहा किंवा अधिक माणसं असतील तर, अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निदान निम्म्या स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. ही बाहेरची व्यक्ती तुमच्या जाहिरातदारांपैकी नको. तालुक्याच्या गावात हे सांभाळणं फार कठीण जातं, पण तडजोड केलीत तर समितीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लावा.

रात्रपाळीच्या मुलीला घरपोच गाडी दिली, एवढ्यावरच थांबू नका. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईतल्या शक्ती मिलच्या आवारात एका छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा ती संध्याकाळी कामावर होती, सोबत सहकारी होता. छळविरोधी कायदा संसदेत मंजूर झालेला होता, पण लागू झाला त्या डिसेंबरात. कामगिरीवर पाठवण्याआधी जागा कोणी पाहिली, परत कसं यायचं, फोन कोण घेणार, हे पाठवणाऱ्याने लिहून ठेवावं. धोका वाटला म्हणून नकार दिला तर बीट जाणार नाही, हेही त्यातच लिहावं.

आपली पानंही याच धोरणात घ्या. जेएनपीए बंदराच्या एखाद्या एचआयव्हीबाधित ट्रेलरचालकावर लिहिताना गाव, फोटो, बायकोचं नाव गेलं की तो माणूस ओळखला जातो. एचआयव्हीबाधितांविषयी द्वेष पसरवणारा मजकूर छापणं हा २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आमच्या मसुद्यातलं एक कलम अजून अडलंय: आजारपणात वार्ताहराला मागच्या महिन्यांच्या सरासरीइतकं मानधन चालू ठेवायचं. मालक म्हणतात, परवडत नाही. बाकी सगळ्यावर सह्या झाल्या आहेत. या कलमासाठी आम्ही पुन्हा बैठक मागितली आहे.