सातूचा दाणा आणि पिपातील मुरवण : ‘बार्ली वाइन’चे चवपरीक्षण

‘बार्ली वाइन’ या नावात वाइन हा शब्द असला, तरी या पेयात द्राक्षाचा अंशही नसतो. सातूपासून तयार केलेली ही एक अतिशय तीव्र बिअर होय. साध्या बिअरमध्ये मद्यार्क घनफळाने सुमारे ४ ते ५ टक्के असतो. बार्ली वाइनमध्ये तो बहुधा ८ ते १२ टक्क्यांपर्यंत जातो. तिचे मूळ घर इंग्लंड. बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या बास कारखान्याची ‘नंबर वन’ ही या प्रकारातील जुनी व नामांकित बिअर समजली जाते. वाइनइतकी कडक आणि वाइनप्रमाणेच वर्षानुवर्षे मुरणारी म्हणून तिला हे नाव मिळाले.

महाराष्ट्रात सातूची लागवड अल्प आहे आणि मद्यसेवनास परवाना लागतो. तरीही या विषयाकडे शेतीच्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरते. धान्याचे गुणदोष शेवटच्या ग्राहकाच्या जिभेपर्यंत इतक्या स्पष्टपणे पोचविणारे पदार्थ फार थोडे आहेत.

दाण्याची निवड

माल्टसाठी लागणारे सातू आणि जनावरांच्या खाद्याचे सातू एकाच शेतात पिकू शकतात; फरक पडतो तो नत्राच्या मात्रेने व मळणीच्या काळजीने. इंग्लंडमध्ये अशा बिअरसाठी दोन ओळींच्या कणसाचे, टपोऱ्या दाण्याचे सातू पसंत करतात. दाण्यातील नत्र साधारणतः १.६५ टक्क्यांच्या आत असावे लागते. म्हणजे प्रथिने सुमारे १० टक्के झाली. नत्रखत उशिरा किंवा जास्त दिले की पीक हिरवेगार दिसते, पण दाण्यात प्रथिने वाढतात, पिष्ट त्या मानाने घटते आणि बिअर गढूळ होण्याचा संभव वाढतो. उगवणशक्तीची अट याहूनही कडक, म्हणजे सामान्यतः ९८ टक्के असते. कारण माल्ट करणे म्हणजे दाणा भिजवून त्याला मोड आणणे व योग्य वेळी भट्टीत वाळवून ती वाढ थांबविणे होय. ओला साठविल्याने तापलेला किंवा मळणीयंत्रात अंकुर दुखावलेला दाणा रुजत नाही. असा माल नाकारला गेला, तर शेतकऱ्याच्या हाती खाद्याचाच भाव उरतो. दाण्यावरील तूसही शाबूत असावे लागते. माल्टचा भरडा गरम पाण्यात कालवून गोड रस गाळताना तेच गाळणीचे काम करते.

बार्ली वाइनसाठी बहुधा या रसाची पहिली, सर्वांत दाट धारच घेतात. तिचे विशिष्ट गुरुत्व १.०८० ते १.१२० इतके भरते. हा रस बराच वेळ उकळतात, त्यामुळे तो गडद होतो व उसाच्या रसाची काकवी होताना येतो तशा जातीचा वास त्याला येऊ लागतो. कडवटपणा हॉपच्या फुलांचा, मद्यार्क यीस्टच्या कामाचा. अंगची गोडी मात्र सातूची.

पीप काय देते

पूर्वी इंग्लंडातील बिअरवाले पिपासाठी बाल्टिक प्रदेशातील ओक लाकूड पसंत करीत, ते त्याची चव बिअरला फारशी लागत नाही म्हणूनच. आजची रीत याच्या उलट आहे. अमेरिकेत बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिपातच मुरविली पाहिजे, असा कायदा आहे. त्यामुळे एकदा वापरलेली, सुमारे २०० लिटरची पिपे तेथे मुबलक निघतात व ती बिअरच्या कारखान्यांकडे जातात. लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिला व ओकमधील लॅक्टोनांपासून खोबऱ्यासारखा वास येतो. टॅनिनने जीभ किंचित आवळते, आणि फळ्यांत शोषलेली व्हिस्की बिअरमध्ये उतरते. शिवाय फळ्यांतून हवा अतिशय मंद गतीने आत झिरपते. तिच्या मर्यादित संपर्काने खजूर, मनुका व शेरीची आठवण देणारा वास तयार होतो. हाच संपर्क वाढला की पदार्थ बिघडतो.

लाकडात सूक्ष्मजीवही ठाण मांडतात. १९०४ साली डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग कारखान्याच्या प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी मुरलेल्या इंग्लिश बिअरला तिचा खास वास देणारे यीस्ट वेगळे करून दाखविले व त्याला ‘ब्रेटॅनोमायसेस’ म्हणजे ब्रिटिश बुरशी असे नाव दिले.

परीक्षणाची रीत

नमुना फार थंड असू नये. बर्फासारख्या थंड बिअरचे दोष झाकले जातात, तसेच गुणही. १२ ते १४ अंश सेंटिग्रेड तापमान योग्य होय. तोंडाशी निमुळता होत जाणारा पेला घेऊन तो पाव भागच भरावा, म्हणजे वास वरच्या पोकळीत साठतो. मद्यार्क जास्त असल्याने परीक्षक नमुना थोडाच घेतात व एका बैठकीत मोजकेच नमुने तपासतात.

प्रथम वास. पहिल्या हुंगण्यात बहुधा पीपच पुढे येते : व्हॅनिला, ओले लाकूड, व्हिस्की. अनुभवी परीक्षक येथे निर्णय देत नाही. पेला थोडा फिरवून दुसऱ्यांदा हुंगल्यावर भाजलेले धान्य, काकवी, सुके अंजीर असे वास सापडतात का, ते तो पाहतो. मग लहान घोट जिभेवर पसरवून गोडी, कडवटपणा, मद्याची ऊब आणि टॅनिनचा तुरटपणा कोणत्या क्रमाने येतात व गिळल्यावर शेवटी काय उरते, याची नोंद केली जाते. चांगल्या बार्ली वाइनमध्ये शेवटी धान्य उरले पाहिजे. केवळ लाकूड व व्हिस्की उरत असेल, तर पिपाने मालकी घेतली असे समजावे. आज महाग विकल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांची हीच गत आहे.

दोषांची ओळखही नाकानेच होते. व्हिनेगरचा झणका आला, तर हवेबरोबर ॲसिटिक आम्ल करणारे जंतू वाढले आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास हा शिळेपणाचा. नखांवरील रंग काढण्याच्या द्रवासारखा तीव्र वास बहुधा फार उष्णतेत झालेल्या किंवा दूषित किण्वनाचा असतो. पातळ, पोकळ चव मात्र सहसा आधीच्या कामातील उणीव दर्शविते, आणि तेथे पीप काहीही दुरुस्त करू शकत नाही. सबब त्याच घाणीची, पोलादी टाकीत ठेवलेली बिअर शेजारी घेऊन दोन्ही ताडून पाहणे ही सर्वांत उपयुक्त पद्धत होय. त्यामुळे धान्याचे कोणते व लाकडाचे कोणते, हे वादाशिवाय ठरते.

अशा चवीच्या आग्रहामुळे सातूचा एक वाण टिकून राहिला आहे. केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत जी. डी. एच. बेल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला ‘मॅरिस ऑटर’ हा हिवाळी वाण १९६० नंतरच्या दशकात प्रसारात आला. पुढे जास्त उत्पादन देणारे वाण निघाले व १९८९ मध्ये तो शिफारस केलेल्या वाणांच्या यादीतून वगळण्यात आला. परंतु त्याच्या माल्टची भरदार चव बिअरवाल्यांना सोडवेना. बियाणे शुद्ध राखण्याचे काम धान्यव्यापाऱ्यांनी हाती घेतले, आणि एकरी उतारा कमी असूनही पूर्व इंग्लंडातील शेतकरी करार करून, वाढीव भाव ठरवून तो आजही पेरतात.