समुद्र निळा का दिसतो?

समुद्राचं पाणी ओंजळीत घेतलं तर त्याला रंग दिसत नाही. मग समुद्र निळा कसा?

लॉर्ड रॅले म्हणायचे, तो निळा रंग म्हणजे पाण्यात दिसणारं आकाश. रॅले इंग्लंडचे मोठे शास्त्रज्ञ, १९०४ चे नोबेल विजेते. मग प्रश्नच मिटला, नाही का?

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने भारतात परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग बघून त्यांना शंका आली. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होतं. त्यातून बघितलं की पाण्यावरची चकाकी, म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, अडवता येतं. रामन यांनी ती अडवली. तरी समुद्र निळाच! उलट जास्तच निळा!

पाणी प्रकाश विखुरतं, म्हणजे सगळीकडे पसरवतं, असं रामन म्हणाले. पण हे उत्तरही पुरं नव्हतं. पाणी लाल प्रकाश शोषून घेतं, हे कारण आज जास्त महत्त्वाचं मानतात.

करून पाहा: पोलराइज्ड गॉगल (साधा चालणार नाही हं!) डोळ्यांसमोर धरून तळ्याकडे बघा. सूर्याकडे मात्र बघू नका. गॉगल हळूहळू फिरवा. मग वहीत दोन वाक्यं लिहा. एक ‘मला दिसलं की...’ आणि दुसरं ‘मला वाटतं की...’