घर राखणाऱ्या आईने अंगही राखावे

हा पाठ घरच्या आईसाठी आहे. पण तो घरातल्या पुरुषांनीही वाचावा. का वाचावा, ते पुढे कळेल.

चामोर्शीचा मुलूख धानाचा. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याचे जुने देऊळ आहे. सभोवती बांध्या आणि बोड्या आहेत. पलीकडे जंगल आहे. या मुलखातल्या बाईला कामाची उणीव कधीच नसते. फाल्गुन-चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचायची. वैशाखात तेंदूची पाने तोडायची आणि सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे. आषाढ-श्रावणात रोवणा. त्यानंतर निंदण. कार्तिकात धान कापायचे. आणि हे सगळे करायचे ते घरचे काम सांभाळून.

आता एका आईचा रोवण्यातला दिवस पाहू. कोंबडा आरवला की ती उठते. झाडलोट करते, पाणी भरते, चूल पेटवते. मुलांचे आवरते. म्हाताऱ्या सासूला चहा देते. भाजी-भात रांधून, शिदोरी बांधून बांधीवर जाते. दिवसभर चिखलात उभी राहून परे लावते. सांजेला घरी येते, ती पुन्हा चुलीपुढे बसते. सगळ्यांची जेवणे झाली की मग आपण जेवते. घर निजले की दिव्याखाली बसून टोपली विणते, नाहीतर वाकळ शिवते. चार पैसे मिळतात, आणि हाताला आवडते कामही होते.

अशा बाईला कोणी म्हणाले, "बाई, थोडा व्यायाम करत जा," तर ती हसेल. म्हणेल, "दिवसभर राबतो आम्ही. आता व्यायाम कायले पायजे?"

तिचा सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर आपण नीट शोधू.

राबणे आणि व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की मोठ्या माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे अंग हलेल असे काम करावे. म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटे. झपाझप चालणे, पाणी भरणे, शेतात राबणे हे सारे त्यात धरले जाते. आपली आई एवढे तर न्याहारीच्या आधीच करते. म्हणून तिला आणखी धावपळ नको. हे आधी कबूल करू.

पण व्यायामात एक गोष्ट असते, ती राबण्यात नसते. व्यायाम करणारा माणूस अंग सगळीकडे वळवतो आणि थकला की थांबतो. राबणाऱ्याला थांबता येत नाही. रोवण्यात बाई कंबरेत वाकते आणि मागे मागे सरकत जाते. तासन् तास कंबर एकाच बाजूला वाकलेली. पाय चिखलात. मान खाली. त्यामुळे काही स्नायू फार ताणले जातात आणि काहींना कामच मिळत नाही. विसावा मिळाला नाही तर दुखणे साचत जाते. म्हणून आम्ही म्हणतो, राबणे वेगळे आणि शरीर राखणे वेगळे.

शरीर राखायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. कामातच चार गोष्टी कराव्या.

एक. रोवण्यात दर अर्ध्या तासाने सरळ उभे राहावे. दोन्ही हात कंबरेवर ठेवावे. हळूच मागे झुकावे. असे पाच वेळा करावे. बांधीतल्या सगळ्या बायांनी मिळून केले, तर कोणी एकीला कामचुकार म्हणणार नाही.

दोन. पोते किंवा गुंडी उचलताना कंबरेत वाकू नये. गुडघे वाकवून खाली बसावे. ओझे छातीशी धरावे आणि पायांच्या जोराने उठावे.

तीन. भरलेली मोठी गुंडी एकदा आणण्यापेक्षा कमी पाण्याच्या दोन खेपा बऱ्या. दुसरी खेप घरातल्या दुसऱ्या कोणी केली, तर आणखी बरे.

चार. रात्री निजण्याआधी पाठीवर पडावे. एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाशी ओढावा. दहा अंक मोजावे. मग दुसरा. कंबर मोकळी होते. गरोदर बाईने मात्र हे दाईला किंवा नर्सबाईला विचारूनच करावे.

बाळंतपणानंतर

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने विसावा घ्यायचा रिवाज आहे. हा रिवाज शहाणपणाचा आहे. बाळंतपणात पोटाखालचे स्नायू सैल पडतात. ते पुन्हा घट्ट व्हायला निदान सहा आठवडे लागतात. पण रोवणा तोंडावर आला, की गरिबाघरची बाई त्याआधीच चिखलात उतरते आणि डोक्यावर ओझे घेते. त्यातून पुढे अंग बाहेर येण्याचे दुखणे लागू शकते.

यासाठी एक सोपा व्यायाम आहे. लघवी रोखताना आपण जे स्नायू आवळतो, ते आवळावे. पाच अंक मोजेपर्यंत धरावे. मग सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. मात्र लघवीला बसले असताना करू नये. हा व्यायाम भाकर थापताना, टोपली विणताना, गाडीत बसल्या बसल्याही होतो. कोणाला दिसतही नाही. वय झालेल्या बायांनीही तो करावा.

दुखणे अंगावर काढू नये

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट ऐका. डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग या जोडप्याने १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. बाईच्या खास दुखण्यांकडे तोवर कोणी असे गावात जाऊन पाहिले नव्हते. शंभरातल्या ९२ बायांना एक ना एक दुखणे निघाले. शंभरातल्या ५५ जणींना आपल्याला काही होते आहे, हे ठाऊक होते. पण यापूर्वी कधी तपासून घेतलेल्या बाया शंभरात जेमतेम ८ होत्या. १९८९ साली ही माहिती विलायतेतल्या 'लॅन्सेट' नावाच्या मोठ्या वैद्यकीय पत्रात छापली गेली आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचली.

याचा अर्थ काय? बाया दुखणे ओळखत होत्या. पण सांगत नव्हत्या. लाज होती, पैसा नव्हता, आणि "माह्या मागे कामं कोन करन?" ही चिंता होती. मुलाला ताप आला तर हीच आई त्याला कडेवर घेऊन दवाखाना गाठते. स्वतःचे दुखणे मात्र उद्यावर टाकते.

तेव्हा पुढल्या खुणा लक्षात ठेवा. अंगावरून वास येणारे पाणी जाणे. पाळीत फार रक्त जाणे. ओटीपोट सतत दुखणे. अंग बाहेर आल्यासारखे वाटणे. यातले काही असेल तर आशाताईला सांगावे, उपकेंद्रात किंवा चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयात जावे. पाठ दुखते, पाय बधिर होतात आणि लघवीवर ताबा राहत नाही, असे झाले तर त्याच दिवशी जावे.

आईच्या ताटात काय उरते?

अंगात रक्त कमी असेल, तर कोणताही व्यायाम उपयोगी पडत नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशात घरोघर पाहणी झाली. त्यात महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या शंभर बायांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. चढ चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, डोळ्यांची आतली बाजू पांढुरकी दिसते. आपण म्हणतो, बाई आळशी झाली. ती आळशी नसते. तिचे रक्त कमी झालेले असते.

जी सगळ्यांत शेवटी जेवते, तिच्या वाट्याला भात उरतो. भाजी, वरण, मासळी आधीच संपलेली असते. यावर औषध सोपे आहे. आईनेही सगळ्यांच्या पंगतीला बसावे. पहिल्या पावसातला तरोटा, अंबाडी, मुनग्याचा पाला, चवळी, वाटाणे, हरभरे खावे. बोडीतली मासळी आणि कोंबडीचे अंडे मिळेल तेव्हा खावे. ताटात लिंबू पिळावे किंवा आवळा घ्यावा. आंबटामुळे भाजीतले लोह अंगाला लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण चहा ते लोह लागू देत नाही. गरोदरपणात १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यावी. बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

आपल्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजारही आढळतो. तो आईबापांकडून मुलांकडे येतो आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. म्हणून रक्त एकदा तपासून घ्यावे.

हातचे कसब

आता टोपली आणि वाकळीकडे वळू. बांबूची सुपे-टोपल्या, शिंदीच्या पानांचे झाडू, जुन्या लुगड्यांच्या वाकळी, पळसाच्या पत्रावळी ही आपल्याकडची कसबे आहेत. हातचे कसब मनालाही विसावा देते. चारजणी एकत्र बसून विणू लागल्या, की सुखदुःखाचे बोलणे होते. ते सोडू नये. पण ते झोपेतून कापून काढलेले नसावे.

विणताना पाठ भिंतीला टेकवावी. बुडाखाली पाट किंवा घडी केलेली वाकळ घ्यावी. उजेड बाजूने यावा. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. कोयता आणि बांबूच्या धारदार पट्ट्या लहान मुलाच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत.

आणि हिशेब लिहावा. वाचायला शिकलो त्याचा हा खरा उपयोग. समजा, एका टोपलीचे १२० रुपये आले. बांबूला ३० रुपये गेले. उरले ९०. टोपलीला ६ तास लागले. म्हणजे तासाला १५ रुपये पडले. हे आकडे आम्ही नुसते उदाहरणाला घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला. नफा लिहिणारे पुष्कळ असतात, तास कोणी लिहीत नाही. तास लिहिले म्हणजे कळते, की भाव वाढवून मागायचा, की ते काम सोडून दुसरे धरायचे.

एकटीने विकण्यापेक्षा मिळून विकावे. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेतले आणि गच्चीवर पापड लाटायला बसल्या. तीच पुढे 'लिज्जत पापड' ही संस्था झाली. तिथे बाई केंद्रातून मळलेले पीठ घेऊन जाते, घरी मुलांजवळ बसून पापड लाटते, आणि वाळलेले पापड केंद्रात आणून देते. पीठ मळणे, माल विकणे, हिशेब ठेवणे हे तिच्या एकटीच्या डोक्यावर पडत नाही. म्हणून घर आणि कसब दोन्ही चालतात. आपल्या बचत गटानेही असेच करावे. एकीने बांबू आणावा, एकीने बाजार पाहावा, एकीने वही लिहावी.

वेळ कोठून आणायचा?

आता पुरुषमंडळींनी नीट वाचावे. २०२४ साली सरकारने देशभर पाहणी केली, की कोण कोणत्या कामाला किती वेळ देतो. घरकाम करणाऱ्या बायांचे रोजचे सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. वजाबाकी करा. २०१ मिनिटे उरतात, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटे. शिवाय ज्या घरात पुरुष काडीही उचलत नाही, त्या घराचा हिशेब वेगळाच.

आईला तीन तास द्या, असे आम्ही म्हणत नाही. निदान एक तास द्या. सायकलवरून पाणी आणणे, गुराढोरांचे पाहणे, भांडी घासणे, पोराचा अभ्यास घेणे, यातले एक काम घरधन्याने घ्यावे. पोराने आणि पोरीने एकेक घ्यावे. पोरगी भांडी घासते आणि पोरगा खेळतो, असे नको. तो एक तास आईचा. त्यात तिने टोपली विणावी, पाय पसरून बसावे, नाहीतर हे पुस्तक वाचावे. तिला कोणी जाब विचारू नये.

कोणी म्हणेल, लोक हसतील. चार दिवस हसतील. पण आई खाटेला खिळली, तर चूलही पुरुषाकडे येते, मुलेही येतात, आणि दवाखान्याचा खर्चही येतो. तेव्हा हसणारे भांडी घासायला येत नाहीत.

वहीत लिहा

१. आईच्या कालच्या दिवसाची कामे उठल्यापासून निजेपर्यंत एकाखाली एक लिहा. प्रत्येकापुढे वेळ लिहा.
२. त्यातले कोणते काम घरातला दुसरा माणूस करू शकेल? त्या कामापुढे त्याचे नाव लिहा. ती यादी घरात सगळ्यांना वाचून दाखवा.
३. तुम्ही विणलेल्या किंवा शिवलेल्या एका वस्तूचा हिशेब करा. तासाला किती रुपये पडले?
४. काल रात्री घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवले? त्याच्या ताटात काय होते?

वही पुढच्या पाठाला घेऊन या. चौथ्या प्रश्नाचे उत्तर आपण सगळ्यांत आधी वाचू.