करंट वाढवण्याआधी कोलिमेटर बघ

लोणी देवकर, ता. इंदापूर

चि. मृणाल,

सायक्लोट्रॉनवर नवं टार्गेट बसवून बीमचा करंट 40 वरून 60 मायक्रोअँपिअरवर न्यायचा तुमचा बेत कळला. निकड मला समजते. पेट स्कॅनच्या डोसातल्या फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य 110 मिनिटं. चार तासांच्या वाटेवर त्यातला पाव भागही उरत नाही. आपल्या गावातून पुण्याला पेट स्कॅनला गेलेली माणसं डोस उशिरा आला म्हणून दुपारपर्यंत उपाशी बसलेली मी पाहिली आहेत. देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन 2002 मध्ये परळला सुरू झालं, तेव्हापासून मागणी वाढतेच आहे.

पण हिशोब मांड. 16.5 एमईव्हीचा प्रोटॉन बीम 60 मायक्रोअँपिअरने सोडलास की जवळजवळ एक किलोवॉट उष्णता झाली, आणि ती झेलायची दोन-तीन मिलिलिटर ऑक्सिजन-18 च्या पाण्याने. ते महागडं पाणी उकळून बुडबुडे झाले की बीम त्यातून आरपार जातो. मीटरवर 60 दिसतात, फ्लोरिन मात्र त्या मानाने वाढत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला प्रेशर आणि यील्ड दोन्ही टिपून ठेव. नायोबियमचं टार्गेट घेताय ते उत्तम. चांदीच्या टार्गेटमध्ये गाळ धरतो, सारखं धुवावं लागतं.

खरी गोम कोलिमेटरची. पाटात सोडलेलं सगळं पाणी वाफ्यात पोचत नाही, तसंच बीमचं. कोलिमेटरवरचा करंट म्हणजे वाटेत सांडलेले प्रोटॉन. तो जास्त दिसला की कुणीतरी शहाणा म्हणेलच, ‘भोक मोठं करा.’ ऐकू नकोस. भोक मोठं केल्याने आकडा सुधारतो, बीम नाही. सांडलेला भाग मग टार्गेटच्या तोंडावरच्या हॅवार फॉइलच्या कडेवर आदळतो. फॉइल जेमतेम 25 मायक्रॉनची, हेलियमच्या झोतावर तगून असते. आधी बीम मध्यावर आण, स्ट्रिपर फॉइल तपास. कोलिमेटर ग्राफाइटचाच घे, त्यातली किरणोत्सारिता बरीचशी लवकर ओसरते.

हॅवारचं तसं नाही. त्यात तयार होणाऱ्या कोबाल्ट-56 चं अर्धायुष्य 77 दिवस. वरिष्ठ कितीही मागे लागले तरी रन संपल्या संपल्या टार्गेट उघडू नकोस. निदान शनिवार-रविवार जाऊ दे, सर्व्हे मीटर लावून बघ, मगच स्पॅनर हातात घे. किरणोत्साराचा डोस मोजणारा टीएलडी बॅज ड्रॉवरमध्ये नव्हे, अंगावर हवा.

जुन्या टार्गेटचे यील्डचे आकडे मला पाठव. नव्याशी ताडून बघू.

तुझा मामा