भेंडीच्या पानाखाली

टेंभी नाक्याला आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात मी कुंड्यांमध्ये भेंडी लावते. भेंड्या मिळतात ओंजळभर, तुडतुडे मात्र मागाल तेवढे. त्यांच्याकडे बघता बघता कळलं ते असं.

१. पान उलटू नका, सगळे उडतात. त्यापेक्षा सकाळच्या कोवळ्या उन्हात कुंडीशेजारी खाली बसा आणि मान वर करा. उजेड पानातून आरपार येतो आणि शिरेलगत बसलेला जेमतेम तीन मिलिमीटरचा तुडतुडा दिसतो: पिवळसर हिरवा, मिटल्या पंखांच्या टोकांजवळ एकेक काळा ठिपका.

२. बोट हळूच जवळ न्या. तो लगेच उडत नाही. आधी खेकड्यासारखा तिरका सरकत शिरेपलीकडे जातो. बोट पलीकडे नेलं की हा अलीकडे. हा खेळ बराच वेळ चालतो. अगदीच अंगाशी आलं की मागचे पाय झटकतो आणि नाहीसा. पिल्लांना पूर्ण पंख नसतात, त्यांची भिस्त तिरक्या पळण्यावर.

३. पानाखाली चिकटलेल्या पांढुरक्या काती पुसू नका. मोठं होईपर्यंत पिल्लू पाच वेळा कात टाकतं, त्यामुळे रहिवासी पळाले तरी वस्ती कळते.

४. नाक्यावरच्या हॉर्नचं त्यांना काही नाही. नर पोट थरथरवून देठातून, पानातून मादीला साद घालतो. ती कंपनं आपल्या कानाला ऐकू येत नाहीत.

५. पानाची कड पिवळी पडून मुडपली, मग विटकरी झाली, की आमच्याकडे सगळे म्हणतात, ऊन लागलं, पाणी घाल. पाण्याने काही होत नाही. तुडतुडा रस शोषतो आणि त्याची लाळही पानाला बाधते. फवारणीची घाई मी करत नाही; कोळ्याने देठाशी जाळं विणलं असेल तर ते मोडत नाही, एवढंच.

६. उत्तर अमेरिकेतल्या लाल-निळ्या पट्ट्यांच्या तुडतुड्याचे फोटो बघून हिरमुसू नका. आपला हिरवा गडी कमी नाही: कपाशीवरचाही तोच, आणि २०२५मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तो कपाशीवर पोहोचला.

७. आंब्यावरचे तुडतुडे वेगळे, तपकिरी, पाचरीच्या आकाराचे. मोहोराच्या दिवसांत झाडाखाली स्कूटर लावली तर सीट चिकट होते, ती त्यांच्यामुळे. त्याच चिकटपणावर पुढे पानांना काळी बुरशी धरते. स्कूटर दुसरीकडे लावा.