दुकानातला सर्व्हर, भाग ३: प्रॉक्समॉक्सचं नेटवर्क आधी नीट लावा

मागच्या भागात आपण एका साध्या पीसीवर प्रॉक्समॉक्स टाकलं आणि त्यात दोन व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बनवली. एकात विंडोज आणि टॅली, दुसऱ्यात फाईली आणि बॅकअप. आजचा विषय नेटवर्क. व्हिडिओमध्ये स्क्रीनवर सगळं दाखवलंय, पण कमेंटमधले प्रश्न बघून वाटलं की थोडं सावकाश लिहावं.

पहिल्यांदा हे समजून घ्या की यात धोका कुठे आहे. एखादं व्हीएम बिघडलं तर तेवढंच बंद पडतं. पण खालच्या मुख्य मशीनचं, म्हणजे होस्टचं, नेटवर्क चुकलं तर वरचं सगळं एकदम तुटतं. मशीन चालू असतं, टॅलीही चालू असतं, पण काउंटरवरचा पीसी म्हणतो सर्व्हर सापडत नाही. शनिवारी संध्याकाळी सहा गिऱ्हाईकं उभी असताना हे झालं, तर पुढचा तासभर हाताने बिलं फाडायची.

आता मूळ गोष्ट. पीसीला मागे लॅनची एक वायर लागते आणि आत मशीन तीन. मग एका वायरवर तिघांचं कसं भागतं? त्यासाठी प्रॉक्समॉक्स इन्स्टॉल होतानाच एक ब्रिज बनवतं, नाव व्हीएमबीआर०. ब्रिज म्हणजे डब्याच्या आतला, डोळ्यांना न दिसणारा स्विच. लॅन कार्ड ही बाहेर जाणारी वायर, ती या स्विचला जोडलेली. प्रत्येक व्हीएमची वायरही त्याच स्विचला. त्यामुळे तुमच्या राउटरला ही व्हीएम वेगवेगळ्या पीसींसारखीच दिसतात.

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो: होस्टचा आयपी पत्ता लॅन कार्डला द्यायचा नाही, ब्रिजला द्यायचा. नेटवर्कच्या पानावर कार्डासमोर आयपीचा रकाना रिकामा दिसतो, तो तसाच असू दे. बऱ्याच जणांना वाटतं काहीतरी राहिलंय, आणि ते तिथेही तोच पत्ता भरतात. भरू नका.

पत्ता निवडताना आधी राउटरमध्ये जाऊन डीएचसीपीची रेंज बघा. समजा राउटर १०० ते १९९ हे नंबर आपोआप वाटतो, तर सर्व्हरला त्याच्या बाहेरचा घ्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०/२४. (इथे आकडे मराठीत छापलेत, मशीनवर इंग्रजीच टाका.) रेंजच्या आतला घेतलात तर एखाद्या दिवशी राउटर तोच नंबर कुणाच्या तरी मोबाईलला देईल आणि सर्व्हर मधूनमधून गायब व्हायला लागेल. हा बिघाड शोधायला फार वेळ जातो, कारण दर वेळी होत नाही. गेटवेच्या रकान्यात राउटरचा पत्ता, आणि तो एकाच ब्रिजवर.

वाय-फायवर ब्रिज करता येईल का, हा प्रश्न दर बॅचला येतो. सरळ उत्तर: नाही समजा. बहुतेक वाय-फाय राउटर एका जोडणीमागून आलेल्या दुसऱ्या मशीनची पाकिटं स्वीकारतच नाहीत. दहा मीटर केबल ओढा आणि मोकळे व्हा.

आता कॅमेरे. दुकानातले सीसीटीव्ही आणि बिलिंग एकाच नेटवर्कवर ठेवू नये असं माझं मत आहे. स्वस्त कॅमेऱ्यांचे पासवर्ड कुणी बदलत नाही, अपडेट कुणी करत नाही, आणि शेजारीच तुमच्या उधारीची वही असते! सोपा उपाय म्हणजे पीसीत दुसरं लॅन कार्ड, त्यावर दुसरा ब्रिज व्हीएमबीआर१, आणि कॅमेऱ्यांचा स्विच त्या कार्डाला. या ब्रिजला आयपी नको, गेटवेही नको. फक्त रेकॉर्डिंगच्या व्हीएमला त्यात जोडा. टॅलीचं व्हीएम व्हीएमबीआर०वरच राहील, कॅमेऱ्यांना ते दिसणारही नाही. हेच काम एका कार्डावर व्हीलॅनने होतं, पण त्यासाठी मॅनेज्ड स्विच लागतो. पहिल्या दुकानाला दुसरं कार्ड बरं. यूएसबीचं लॅन कार्ड मात्र मुख्य कामाला वापरू नका, झाडू मारताना धक्का लागला तरी सुटतं.

दुसरं कार्ड बसवताना एक सांभाळा. लिनक्स कार्डाला नाव देतं ते बोर्डावरच्या जागेवरून, जसं ईएनपी३एस०. नवीन कार्ड किंवा एखादी एनव्हीएमई डिस्क बसवली की हे क्रमांक कधीकधी सरकतात. जुनं कार्ड ईएनपी४एस० होतं, ब्रिज मात्र अजून जुन्याच नावाची वाट बघत बसतो. वायर नीट, कार्ड नीट, तरी नेटवर्क नाही. म्हणून हार्डवेअर बदललं की मॉनिटर लावून नावं तपासा आणि ब्रिज पोर्टमध्ये नवीन नाव टाका.

बदल करताना पद्धत ठरवून घ्या. रविवारी सकाळी किंवा दुकान बंद झाल्यावर करा. मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडलेला हवा, कारण नेटवर्क गेलं तर ब्राउझरमधलं पान उघडणारच नाही. आधी इंटरफेसेस नावाच्या फाईलची कॉपी ठेवा, कमांड व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमध्ये आहे. मग बदल करा. बदल लगेच लागू होत नाहीत, खाली काय बदलणार ते दिसतं. ते शांतपणे वाचा, चुकलं वाटलं तर रिव्हर्ट, बरोबर वाटलं तर अप्लाय कॉन्फिगरेशन. त्यानंतरही पान उघडलं नाही तर मॉनिटरवर लॉगिन करून जुनी कॉपी परत ठेवायची आणि नेटवर्क रीलोड करायचं. दोन मिनिटांचं काम.

प्रॉक्समॉक्सचं पान ८००६ पोर्टवर उघडतं. घरून बघायचंय म्हणून राउटरमध्ये हा पोर्ट इंटरनेटला उघडा करून देऊ नका, सर्व्हिसवाला म्हणाला तरी नाही. त्यासाठी व्हीपीएन असतं, ते पुढच्या भागात लावू. तोवर एका कागदावर होस्टचा आयपी, गेटवे, कुठल्या कार्डाला कुठली वायर एवढं लिहा आणि डब्याच्या बाजूला चिकटवा. पासवर्ड त्यावर लिहू नका बरं का.