चालक जागा आहे ना?

मुंबई-पुण्याहून येणारी रात्रीची गाडी इटारसी सोडून नर्मदा ओलांडते आणि बुधनी-बरखेड्याचा घाट चढू लागते, तेव्हा आपण बहुधा झोपेत असतो. इंजिनातल्या लोको पायलटला मात्र डोळा लागून चालत नाही. म्हणून इंजिनात एक दक्षता यंत्र असते. चालकाने सुमारे ६० सेकंद कशालाच हात लावला नाही तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो. तरीही बटण दाबले नाही तर ब्रेक आपोआप लागतात.

पण सवयीचा हात पेंगतानाही बटण दाबू शकतो. तेव्हा शरीरालाच विचारावे, असे शास्त्रज्ञांना वाटले. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या. पेंग आली की या लहरी संथ होतात, पापण्याही सावकाश मिटतात. ताण आला की तळहाताला घाम सुटतो, त्वचेतून वीज अधिक सहज वाहते आणि नाडी वाढते. १९६९ मध्ये चंद्रावर यान उतरवताना नील आर्मस्ट्राँग यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १५० वर गेले होते, आणि यान तर त्यांनी सुखरूप उतरवले! म्हणजे वाढलेली नाडी ही चूक नव्हे. (चालक थकला असे यंत्राने दाखवले, तर त्याच्या ड्यूटीचे तासही मोजायला हवेत, असे आम्हाला वाटते.)

आम्हा भोपाळकरांना येथे २ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवतेच. युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब १०.२० वाजता २ होता, ११ वाजता १० झाला. मध्ये पाळी बदलली होती. नव्या पाळीला १० हा आकडा नेहमीच्या मर्यादेतला वाटला. मापकांवर फारसा भरवसाही उरला नव्हता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती, माणसे कमी केलेली होती. त्या कामगारांच्या मनगटाला नाडीमापक असता, तर ते जागे आहेत एवढेच त्याने सांगितले असते. ते जागेच होते.

आता घरी करून पाहा. स्वस्थ बसून एक मिनिट नाडी मोजा. मग १०० मधून सातसात वजा करत मोठ्याने म्हणा; नाडी आई-बाबांनी मोजावी. तिसऱ्यांदा जिना चढून मोजा. नुसते आकडे पाहून कोणता हिशेबाचा आणि कोणता जिन्याचा, हे भावंडांना ओळखता येते का? तिन्ही नोंदी वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला आणा.